पाठमोऱ्या हंड्यांची बखर

श्रीगणरायास एक दंडवत. शारदेस दुसरा, ती उशिरा भेटली, पण भेटली. तिसरा लक्ष्मीस, जी कोणाकडे किती आहे हे विचारून कळत नाही, जाऊन पाहावे लागते. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेस एका राज्यात जे वर्तले, आणि त्या पाडव्यापासून पुढील पाडव्यापर्यंत जे वर्तत गेले, ते येथे लिहिले आहे. राज्य कोणते हे विचारू नये. विचारिल्यास जो तो म्हणेल की आमचे नव्हे, आणि जो आधी म्हणेल त्याचेच समजावे. राज्य लहान, एका अंगास डोंगर आणि एका अंगास समुद्र, जमीन बरी, माणूस कष्टाळू, आणि तरी शेजारची राज्ये पुढे गेली व आपण मागे राहिलो हे शल्य हुजुरांच्या मनात होते, आणि कारभारी तिमाजीपंत यांच्या मनात ते दुप्पट होते, कारण हुजुरांचे शल्य जो काढील त्यास इनाम मिळते हे पंत जाणून होते.

त्या राज्यात सरकारी पेढ्या तीन. राजवाड्यापाशी थोरली, तेथून दोन कोसांवर बाजारपेठेत मधली, आणि आणखी तीन कोसांवर बंदरात धाकटी. रयतेने आपली ठेव तेथे ठेवावी, पेढीने ती व्याजाने कर्जाऊ द्यावी, आणि ठेवीचा चौथा हिस्सा मात्र चांदीच्या रुपयांत घरातच राखावा, म्हणजे कोणी अवचित मागावयास आला तर नाही म्हणावे लागू नये, ऐसा जुना शिरस्ता. या राखीव चांदीस गंगाजळी म्हणत. प्रत्येक पेढीत गंगाजळीचे तांब्याचे नऊ हंडे होते, कमरेइतके उंच, आणि भरला हंडा हलवावयास चार हमाल लागत. रयत जात्या संशयी, ऐकल्यावर तिचा विश्वास नाही, म्हणोन पाडव्यास गंगाजळीचे दर्शन होई. हुजुरांची पालखी सकाळी थोरल्या पेढीवर, दुपारी मधल्या आणि दिवस कलता धाकट्या पेढीवर येई, आणि हुजूर आपल्या हाते झाकणे काढीत, आणि लोक रांगेने येऊन चांदी डोळ्यांनी पाहत, आणि बायका हंड्यांस हळदकुंकू लावीत, आणि मग वर्षभर कोणी ठेव मागावयास धावत नसे. पाहिलेला पैसा माणूस लगेच मागत नाही. न दिसलेलाच त्यास तातडीने हवा होतो. हा मजकूर लिहिणार धाकट्या पेढीच्या देवडीवर एकतीस वर्षे बसला आहे, आणि त्याने दोन्ही पाहिले आहे.

मग त्या वर्षाच्या आधीच्या कार्तिकात सात समुद्रांपलीकडून एक टोपीकर पारखी आला. बंदरात दगडी धक्का बांधावयास हुजुरांना परमुलखीच्या सावकारांचे कर्ज हवे होते, आणि त्या सावकारांनी पाठविले की आधी तुमच्या पेढ्यांची पारख होऊ दे. पारखी उंच, लाल, घामाने भिजलेला, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने एक तक्ता आणला होता आणि त्यात रकाने तीन होते. पहिला चपळाईचा, म्हणजे पेढीतला पैसा किती लवकर बाहेर पडून कामास लागतो आणि एका कारकुनामागे किती माणसांचे काम उरकते. दुसरा मजबुतीचा, म्हणजे गंगाजळी किती आणि पेढी बुडण्याचे भय किती थोडे. तिसरा वाढीचा, म्हणजे राज्यात पेढीची दारे किती. तिन्ही रकान्यांत येत्या पाडव्यास एकदा आणि त्यापुढील पाडव्यास पुन्हा उत्तम शेरा पडला तर कर्ज मिळेल, ऐसे सांगून पारखी शेजारच्या राज्यात गेला. तिकडेही हाच तक्ता दाखविला म्हणतात, आणि तिकडे काय केले ते तिकडचे लोक सांगत नाहीत.

पंतांनी तिन्ही पेढ्यांचे पोतदार नागोशेट यांस बोलाविले. नागोशेट रुपया वाजवून खरा की खोटा सांगत, इतकेच त्यांचे शहाणपण, पण ते पुरेसे होते. ते म्हणाले, "पंत, एक रकाना म्हणतो पैसा बाहेर काढा, आणि दुसरा म्हणतो आत ठेवा. एकच रुपया दोन्हीकडे कसा असेल?" पंत म्हणाले, "नागोशेट, एकच सूर्य सकाळी डोंगरावर असतो आणि संध्याकाळी समुद्रावर असतो. आजवर कोणी म्हटले का, की दोन आहेत?" नागोशेट उगेच राहिले. उगे राहणे हा पोतदारीचा अर्धा पगार आहे. मग कामास सुरुवात जाहली. वाढीच्या रकान्यासाठी धाकट्या पेढीच्या चार खिडक्या फोडून दारे केली, आणि पावसाचे पाणी आत येऊ लागले, आणि पारखी दारे मोजणार तर मोजो. चपळाईसाठी जुन्या कर्जदारांची रीत मोडली. आधी विणकरास पन्नास रुपये द्यावयाचे तर पेढीचा माणूस त्याच्या गल्लीत जाई, माग पाहे, शेजाऱ्यास विचारी, चहूकडून खातरी करी, आणि यास आठ दिवस लागत. पंत म्हणाले, आठ दिवस म्हणजे सुस्ती. मग ज्याची चौकशी करावी लागत नाही ऐशासच कर्ज द्यावे ऐसे ठरले, आणि ज्यांची चौकशी करावी लागत नाही ते बहुतेक पंतांचे सोयरे निघाले. पंतांचे मेहुणे जिवाजीराव यांस तीन गलबतांसाठी अकरा हजार रुपये एका सकाळी मिळाले. इतकी चपळाई त्या राज्यात पूर्वी कोणी पाहिली नव्हती. फाल्गुन सरेतो सत्तावीस हंड्यांतले अठरा रिकामे जाहले आणि नऊ उरले.

आता पाडवा आला. सकाळी थोरल्या पेढीवर हुजुरांनी नऊ झाकणे काढली, चांदी झळकली, लोकांनी पाहिले, बायकांनी कुंकू लाविले, आणि हुजूर वाड्यात फराळास गेले. तेव्हा मागल्या दाराने तीन गाड्या आल्या आणि तेच नऊ हंडे मधल्या पेढीकडे निघाले. गाडीवान सटवाजी याने पुढे या लिहिणारास सांगितले ते ऐसे. निघण्याआधी नागोशेट म्हणाले, "ओले फडके घ्या आणि कुंकू पुसून टाका." सटवाजी म्हणाला, "शेटजी, पाडव्याला लक्ष्मीचं कुंकू पुसू? माझी बायको भरल्या कपाळाची आहे." हमाल म्हणाले, "आमच्याही आहेत." कारकुनास सांगितले, तो म्हणाला, "माझं लग्न फाल्गुनातच झालं, शेटजी." मग सटवाजी म्हणाला, "तुम्हीच पुसा की. तुमचं काय जायचंय, तुम्ही विधुर." नागोशेटींनी फडके हाती घेतले, भिजविले, पिळले, आणि मग म्हणाले, "मला तीन सुना आहेत," आणि फडके बादलीत टाकिले. चांदी तीन ठिकाणी एकच दाखवावयास जी माणसे तयार जाहली, त्यांतला एकही कुंकू पुसावयास तयार होईना. मग मधल्या पेढीत हंड्यांची रंगलेली बाजू भिंतीकडे केली आणि कोरी लोकांकडे. तेथे दुसरी बाजू रंगली. धाकट्या पेढीत आणिले तेव्हा दोन्ही बाजू लाल, म्हणोन हंडे पाव फेऱ्याने फिरवून एकमेकांस खेटून ठेविले, म्हणजे लाल बाजू एकमेकींत लपाव्या. नऊ हंडे ऐसे दाटीने उभे, जसे लग्नात गरीब पाहुणे. पारखी पालखीमागून तिन्ही ठिकाणी फिरला, प्रत्येक ठिकाणी बोटाने मोजिले, आणि सत्तावीस लिहिले. मोजले बरोबर, ओळखले नाही. हुजूरही तिन्ही ठिकाणी होते, पण मोठ्या माणसाची नजर हंड्याकडे नसते, कोण किती वाकतो याकडे असते.

तिन्ही ठिकाणी असलेले आणखी एक माणूस होते, त्याचा विचार कोणी केला नाही. ती चिमाई कासारीण. बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन ती तिन्ही पेठांत घरोघर जाई, आणि पाडव्याच्या गर्दीत विक्री बरी म्हणोन पालखीच्या पुढे पुढे तिन्ही पेढ्यांवर बसे. धाकट्या पेढीत तिच्या नावे चारशे बारा रुपये होते. ते तिचे एकटीचे नव्हते. बारा कासारणींनी सहा वर्षे पैसा पैसा साठवून बंदराजवळ स्वतःची काचेची भट्टी घालावी, म्हणजे परगावच्या व्यापाऱ्याच्या दारी उभे राहावे लागू नये, ऐसे ठरवून ते ठेविले होते. चिमाई प्रत्येक पेढीत नऊही हंड्यांस अंगठ्याने कुंकू लावी. आणि तिच्या उजव्या अंगठ्यास फुटल्या बांगडीची जुनी चीर होती, त्यामुळे तिच्या कुंकवाच्या ठशात मधोमध एक कोरी रेघ राही. त्या संध्याकाळी विक्री आटोपून ती शेवटी दर्शनास आली. समोरची बाजू बायकांनी भरून गेली होती. मग कोरी जागा पाहावी म्हणोन ती कडेच्या हंड्यापाशी जाऊन भिंतीकडे वाकली, आणि तेथे तिचाच अंगठा उमटलेला होता, सकाळचा, वाळलेला, मधोमध रेघ. मग उठली, देवडीवर आली आणि म्हणाली, "बाबा, आज दुपारनंतर इथं गाड्या आल्या होत्या का?" या लिहिणाराने म्हटले, "तीन आल्या. नारळ आहेत म्हणाले." ती म्हणाली, "नारळाला चार चार हमाल?" या लिहिणाराने म्हटले, "मलाही तसंच वाटलं, पण मनात." ती म्हणाली, "मनात वाटायचा पगार मिळतो का तुम्हांला?" आणि दुरडी उचलून गेली.

दुसरे दिवशी पेढी उघडताच ती नागोशेटींपुढे बसली आणि आपला अंगठा त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "शेटजी, हा अंगठा काल सकाळी थोरल्या पेढीत होता. तो संध्याकाळी माझ्या आधी इथं कसा येऊन बसला?" नागोशेट अंगठ्याकडे पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "चिमाई, तुझे चारशे बारा आहेत ना? आत्ता देतो. व्याजासकट देतो. पिशवी आणलीस?" ती म्हणाली, "आणलीय." शेटजींनी पैसे काढविले, आणि कारकून पिशवी भरू लागला, आणि चिमाईने दाराकडे पाहिले. दारात तेलीण होती, दोघे खारवी होते, आणि देवडीवर हा लिहिणार होता, आणि सगळ्यांचे डोळे पिशवीवर होते. ती म्हणाली, "थांबा. मी ही पिशवी घेऊन चार पावलं टाकीन तोवर माझ्या मागं चाळीस माणसं उभी राहतील. म्हणतील, चिमाई घरोघर फिरते, तिला काहीतरी कळलं." शेटजी म्हणाले, "तुझे तर मिळतील." ती म्हणाली, "मिळतील. आणि दुपारपर्यंत हंडे संपतील, आणि बाकी पेठ बुडेल. मग मी भट्टी घालून बांगड्या कुणाला विकू, शेटजी? तुम्हांला?" असे म्हणोन तिने पिशवी उलटी केली आणि रुपये पुन्हा गादीवर ओतले. ती दयाळू होती म्हणोन हे केले ऐसे पुढे लोक म्हणू लागले. या लिहिणारास तसे वाटत नाही. तिला गिऱ्हाईक जिवंत हवे होते, आणि दयेपेक्षा ते कारण जास्त टिकते.

मग तिने मागितले की कर्ज कोणाकोणास गेले ती यादी मला ऐकवा. शेटजींनी कारकुनास खूण केली, आणि त्याने वही उघडून खडाखडा वाचिले, अमुक विणकर, तमुक कुंभार, अमुक सुतार, ऐशी चाळीस नावे, सगळी गरीब आणि कष्टाळू. चिमाईने ऐकून घेतले आणि बाहेर येऊन देवडीवर म्हणाली, "बाबा, त्यानं चाळीस नावं वाचली आणि पान एकदासुद्धा उलटलं नाही. त्या पानावर ओळी बारा होत्या. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं." या लिहिणाराने म्हटले, "मग दुसऱ्याकडून वाचून घे." ती म्हणाली, "ज्याला वाचता येतं तो त्यांचा. तुम्ही शिका." या लिहिणाराचे वय तेव्हा अठ्ठावन्न, हातास भाल्याची सवय, आणि तो म्हणाला, "आता? दात पडले माझे." ती म्हणाली, "अक्षरं चावायची नसतात." मग ज्येष्ठापासून बंदरच्या पंतोजीकडे सकाळी मुलांच्या मागे बसून तो धुळाक्षरे गिरवू लागला, आणि मुले हसली, आणि मग मुलांस त्याची सवय जाहली, आणि भाद्रपदात त्यास जोडाक्षरे येऊ लागली. दसऱ्यास शिरस्त्याप्रमाणे शस्त्रांबरोबर पेढीच्या वह्याही पाटावर उघड्या मांडून त्यांची पूजा जाहली, आणि पहाऱ्यास देवडीवाला बसला, आणि सगळे सोने लुटावयास सीमेवर गेले तेव्हा त्याने बोट ठेवून ठेवून वही वाचिली. नावे सतरा. त्यांतली अकरा पंतांच्या सोयऱ्यांची, दोन हुजुरांच्या हत्तीखान्याची. विणकर एकही नव्हता.

कार्तिकात पंतांनी चिमाईस वाड्यावर बोलाविले, कारण नागोशेटींस आता उगे राहवेना आणि त्यांनी सगळे सांगितले. ती या लिहिणारास घेऊन गेली. पंत झोपाळ्यावर होते. म्हणाले, "कासारणी, तू म्हणे माझ्या पेढीचा हिशेब पाहतेस." ती म्हणाली, "मी कसली पाहते, पंत. माझ्यापाशी अंगठा आहे आणि या बाबांपाशी अक्षरं आहेत." पंत म्हणाले, "देवडीवाल्याला अक्षरं कोणी शिकवली?" या लिहिणाराने यादी म्हणून दाखविली, जिवाजीराव अकरा हजार येथपासून, अडखळत, पण पाने उलटून. पंतांचा झोपाळा थांबला. ते म्हणाले, "तुझी जीभ फार लांब जाहली आहे. तिला बेडी घालता येते." ती म्हणाली, "घाला की. पंत, तुमच्या घरच्या बाईसाहेबांच्या लग्नापासून मी त्यांच्या हातात चुडा भरते. प्रत्येक घरात मी बाईचा हात तासभर हातात धरते, आणि हात धरला की बाई बोलते, आणि मग विचारते की तुझं काय चाललंय. आठ महिने मी काही नाही म्हणते. मला बेडी घातली तर बायका विचारतील का घातली, आणि मग तुम्हांला सांगावं लागेल." पंतांची स्वतःची ठेव थोरल्या पेढीत होती, नऊ हजारांची, आणि ती त्यांनी काढली तर सगळे राज्य पाहणार होते. म्हणजे जे दार चिमाईस बंद होते तेच पंतांसही बंद होते. कोणी कोणावर विश्वास ठेवीत नव्हता, आणि म्हणोनच कोणास हलता येत नव्हते. त्या राज्याची मजबुती ती काय ती इतकीच होती. शेवटी पंत म्हणाले, "काय पाहिजे?" ती म्हणाली, "येत्या पाडव्याला तिन्ही पेढ्यांची झाकणं एका वेळी उघडा. सूर्य डोंगरावर आला की तिन्हीकडं." पंत हसले नाहीत. सूर्याची गोष्ट त्यांनीच काढली होती.

मग जी वसुली कधी होत नाही ती होऊ लागली. पहिल्याने जिवाजीराव आजारी पडले, आणि वैद्याने नाडी पाहून काही नाही म्हटले, आणि मग एक गलबत विकले गेले, आणि माघात दुसरेही. हत्तीखान्याचा हत्ती शेजारच्या राज्यास गेला. हुजुरांस सांगितले की तो यात्रेस गेला. चौकशीस जाणारा माणूस पुन्हा गल्लीत जाऊ लागला, आणि पन्नास रुपयांचे कर्ज पुन्हा आठ दिवसांनी मिळू लागले, आणि विणकरांनी ते वेळेवर फेडिले, आणि कोणीही त्यांची वाखाणणी केली नाही. फाल्गुनात मोजणी करिता किती हंडे भरतात हे नागोशेटींस विचारिले, तर ते म्हणाले, "भरतील." कशाने हे ते बोलिले नाहीत.

शके सतराशे तीन, प्लव नाम संवत्सर, पाडवा उजाडला. थोरल्या पेढीवर हुजूर, मधल्या पेढीवर युवराज आणि धाकट्या पेढीवर राणीसाहेब. चिमाईने आपल्या बारा जणींपैकी चार चार प्रत्येक पेढीवर उभ्या केल्या होत्या, आणि त्यांस इतकेच सांगितले होते की झाकण उघडले की कुंकू लावा आणि हंडे हलतात का ते दिवसभर पाहा. पारखी धाकट्या पेढीवर होता. आदल्या दिवशी हमाल हंडे जागेवर लावीत होते तेव्हा या लिहिणाराने देवडीवरून पाहिले, आणि सकाळी चिमाईस म्हटले, "गेल्या वर्षी हंड्याला चार हमाल लागत. काल दोघांत निभलं." ती म्हणाली, "हे मनात नाही ठेवलंत, बरं केलंत." सूर्य डोंगरावर आला, राणीसाहेबांनी नऊ झाकणे काढली, आणि नवांतही काठोकाठ चांदी. लोकांनी श्वास सोडला. तेव्हा चिमाई पुढे जाहली आणि पदर पसरून म्हणाली, "राणीसाहेब, चुडा भरल्या हातानं लक्ष्मीला आतून शिवीन असा नवस आहे माझा. आज्ञा असावी." राणीसाहेब म्हणाल्या, "शिव बाई." नागोशेटींनी भिंत धरिली. चिमाईने मधल्या हंड्यात हात घातला, रुपये खळखळले, हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत गेला, आणि तेथे थांबला. पेढीत चारशे माणसे होती आणि बाहेर त्याहून अधिक, आणि कोणी हलत नव्हते, आणि पारख्याची लेखणीही थांबली होती. तिने हात बाहेर काढिला, मूठ मिटून पदराखाली घेतली, आणि मोठ्याने म्हणाली, "आहे. लक्ष्मी आहे." तेव्हा लोक पुढे आले, कुंकू लाविले, आणि दिवस कलेपर्यंत एकानेही ठेव मागितली नाही. पारख्याने तिन्ही रकान्यांत उत्तम लिहिले आणि पान खाल्ले.

गर्दी ओसरल्यावर ती देवडीवर येऊन बसली. या लिहिणाराने म्हटले, "मूठ उघड." तिने इकडे तिकडे पाहून उघडिली. बोटांच्या टोकांस भाताचे तूस चिकटले होते. वर कोपरभर चांदी, तिच्या खाली गोणपाट, ते बोटांनी सारले तो त्याच्या खाली तळापर्यंत दाबून भरलेले तूस. या लिहिणाराने म्हटले, "आणि तू आहे म्हणालीस?" ती म्हणाली, "अर्धं आहे. गेल्या वर्षी एकच हंडा तीन ठिकाणी होता, यंदा तीन ठिकाणी तीन आहेत, अर्धे का होईनात. मी नाही म्हटलं असतं तर उद्या तेही नसते." या लिहिणाराने म्हटले, "म्हणजे तूही त्यांच्यातलीच झालीस." ती म्हणाली, "झाले. म्हणून तर तुम्हांला मूठ दाखवली. आतापासून माझ्यावर नजर ठेवा." मग ती उठून आत गेली, आणि नागोशेटींच्या गादीवर ते तूस चिमटीने मोजून ठेविले, सात कण, आणि म्हणाली, "शेटजी, पुढच्या पाडव्याला मी काठी घेऊन येईन." आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत तिने बारा जणींच्या ठेवीतले दोनशे सहा रुपये काढिले आणि दोनशे सहा तसेच ठेविले, जितकी चांदी तितके काढिले, जितके तूस तितक्याची वाट पाहिली. लोक म्हणाले, पाहा, पेढी देते, आणि चिमाई अर्धे ठेवते, म्हणजे पेढी भक्कम. ज्येष्ठात लहानशी भट्टी पेटली, आणि पहिला चुडा पंतांच्या घरी गेला, रोखीने.

पुढे कितीक पाडवे जाहले. काठी दरवर्षी चांदीतून थोडी अधिक खोल जाऊन गोणपाटास अडे. एका वर्षी ती वरच अडली, आणि त्या वर्षी पंतांच्या धाकट्या मुलीचे लग्न होते. दगडी धक्का बांधला गेला. शेजारच्या राज्यातली पेढी एका दुपारात बुडाली. तिच्या तक्त्यावरही उत्तमच लिहिले होते. या सगळ्याचे सार थोडके आहे. पेढीत हंडा असावा, हंड्यात हात घालणारा असावा, आणि हात बाहेर आल्यावर त्याची बोटे पाहणारा असावा; यांतला एकही कमी पडला तर दारे कितीही फोडा. चिमाई आता नाही. काठी देवडीवर आहे, ज्यास हवी त्याने घ्यावी. या लिहिणाराचे एकशे सात रुपये अजून धाकट्या पेढीत आहेत, त्यामुळे पेढी बरी आहे ऐसे त्याने म्हटले तर ते खरे मानू नये, जाऊन पाहावे.